कारखाना बंद झाला, मासा स्वच्छ होईना: जेम्स खाडीतल्या केपोनचं प्रकरण

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स नदीच्या काठी होपवेल नावाचं गाव आहे. तिथे एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत १९७४ साली केपोन हे कीटकनाशक बनवायला सुरुवात झाली. कारखाना कसला, शेडच म्हणायची. नाव लाइफ सायन्स प्रॉडक्ट्स, आणि माल बनवून द्यायचा तो अलाइड केमिकल या बड्या कंपनीला. अलाइड स्वतःही त्याच गावात १९६६ पासून केपोन बनवत होती. पुढे तिने हे काम बाहेर दिलं. शेडचं सांडपाणी गावाच्या मैलापाणी केंद्रात जायचं. तिथे गाळ कुजवणारे जिवाणूच मरून गेले, टाक्यांचं काम ठप्प झालं. नदीत पुढे काय होणार आहे याची सूचना खरं तर त्या टाक्यांनीच दिली होती, पण तिच्याकडे त्या नजरेने कुणी पाहिलं नाही.

जुलै १९७५ मध्ये एका कामगाराच्या रक्ताचा नमुना तपासणीला गेला आणि सगळं उघडकीला आलं. कामगारांचे हात थरथरत होते, डोळे एका जागी ठरत नव्हते. कारखान्याला टाळं लागलं. नंतरच्या पाहणीत १३३ कामगारांपैकी ७६ जण आजारी निघाले. डिसेंबरमध्ये गव्हर्नर मिल्स गॉडविन यांनी रिचमंडपासून चेसापीक उपसागरापर्यंत जेम्स नदीतली मासेमारी बंद केली. सुरुवातीची सरसकट बंदी पुढे माशाची जात आणि हंगाम पाहून सैल होत गेली, पण ती पुरती उठायला १९८८ उजाडलं.

म्हणजे शेड चालली जेमतेम सव्वा वर्ष, आणि नदी अडकून पडली तेरा वर्षं. अलाइडची आधीची वर्षं धरली तरी प्रश्न उरतोच: नळ बंद केल्यावर मासा स्वच्छ व्हायला इतका वेळ का लागला? माशाच्या शरीरात विष कसं साठतं याची मॉडेलं बांधणाऱ्यांसाठी हे प्रकरण मोलाचं आहे, आणि त्याचं कारण विषाचं प्रमाण हे नाही. इथे विष नदीत येणं कधी थांबलं ती तारीख ठाऊक आहे. बहुतेक खाड्यांत दहा कारखाने, वीस नाले, जुनं प्रदूषण, नवं प्रदूषण असा सगळा गोंधळ असतो आणि कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. जेम्समध्ये जणू कुणी प्रयोगच लावून दिला होता.

एका माशाचा जमाखर्च

मॉडेल म्हटलं की लोकांना रंगीत नकाशे आठवतात. इथलं मॉडेल मुळात जमाखर्चाची वही आहे. माशाच्या अंगात विष दोन वाटांनी येतं, कल्ल्यांवरून जाणाऱ्या पाण्यातून आणि खाल्लेल्या भक्ष्यातून. जातं ते कल्ल्यांवाटे परत पाण्यात, विष्ठेवाटे, आणि काही रसायनांच्या बाबतीत शरीरातच विघटन होऊन. शिवाय मासा वाढतो. वाढीमुळे विष बाहेर पडत नाही, पण तेवढंच विष जास्त मांसात पसरतं, म्हणून वहीत वाढही खर्चाच्या बाजूला लिहायची.

आकडे घालून पाहू. हे आकडे माझे आहेत, हिशोब दिसावा म्हणून सोपे घेतलेत. एक किलोचा मासा आहे. पाण्यात केपोन लिटरमागे १० नॅनोग्रॅम. एवढ्या माशाचे कल्ले दिवसाला साधारण १०० लिटर पाण्यातलं विष काढून घेतात असं धरा. म्हणजे पाण्यातून रोज १,००० नॅनोग्रॅम, म्हणजेच १ मायक्रोग्रॅम जमा. आता खाणं. मासा रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे २० ग्रॅम खातो. भक्ष्यात किलोमागे ०.२ मिलिग्रॅम केपोन आहे, तर पोटात गेलं ४ मायक्रोग्रॅम. त्यातलं ७० टक्के अंगी लागलं, म्हणजे २.८. खर्चाच्या सगळ्या वाटा मिळून अंगातल्या साठ्याच्या एक टक्का रोज कमी होतो असं धरा.

जमा आणि खर्च जिथे सारखे होतील तिथे साठा स्थिरावणार. रोजची जमा ३.८ मायक्रोग्रॅम, खर्च साठ्याच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे साठा ३८० मायक्रोग्रॅम. किलोमागे ०.३८ मिलिग्रॅम. माशासाठी अमेरिकेने ठरवलेली कारवाईची मर्यादा होती किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे हा मासा विकता येणार नाही.

आता हाच मासा नुसत्या पाण्याच्या जोरावर मोजा. खाणं सोडून दिलं तर साठा ०.१ वर थांबतो, मर्यादेच्या बराच खाली. कुणी पाण्याचा नमुना घेऊन त्यावरून माशाचा अंदाज बांधला असता, तर त्याने हा मासा सुरक्षित ठरवून टाकला असता. अजून एक करून पाहा. काहीतरी उपाय करून पाण्यातलं केपोन निम्म्यावर आणलं, पण भक्ष्य तसंच राहिलं. मासा येतो ०.३३ वर. अजूनही मर्यादेबाहेर. उलट पाणी तसंच ठेवून भक्ष्यातलं केपोन निम्मं झालं तर मासा ०.२४ वर उतरतो, सुटतो.

जेम्स खाडीतल्या स्ट्राइप्ड बास माशाच्या अन्नसाखळीचं मॉडेल कॉनोली आणि टोनेली या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलं. त्याचा मुख्य निष्कर्षही याच दिशेचा होता: माशांतलं बहुतेक केपोन खाण्यातून आलं होतं. आज हे ऐकायला साधं वाटतं. पण त्याआधी मासा म्हणजे पाण्यात टाकलेला चरबीचा गोळा, पाण्यातलं प्रमाण एका गुणकाने गुणलं की झालं, अशी पद्धत सर्रास चालायची. अजूनही चालते. घाईच्या अहवालात हटकून दिसते.

केपोनच्या बाबतीत हा चरबीचा हिशोब आणखी एका कारणाने डळमळतो. दहा कार्बन, दहा क्लोरीन आणि एक ऑक्सिजन असा पिंजऱ्यासारखा त्याचा रेणू आहे. ऊन, पाणी, जिवाणू कुणीच त्याला सहजी फोडत नाही. मात्र डीडीटी या जुन्या कीटकनाशकासारखा तो गुपचूप चरबीत जाऊन बसत नाही. रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि यकृतात जास्त साठतो. तिथून पित्तावाटे आतड्यात उतरतो आणि आतड्यातून पुन्हा रक्तात शोषला जातो. होपवेलच्या कामगारांना डॉक्टरांनी कोलेस्टिरामिन दिलं ते हे चक्र तोडण्यासाठीच. हे औषध आतड्यात केपोनला धरून ठेवतं आणि बाहेर नेतं. त्याने शरीरातून केपोन जाण्याचा वेग ठळकपणे वाढला. मॉडेलवाल्याने यातून घ्यायचं ते एवढंच की विष्ठेवाटे होणारा खर्च पुस्तकातल्या सर्वसाधारण सूत्रावर सोडायचा नाही.

मासा नव्हे, गाळ

आता मूळ प्रश्नाकडे. अंगातला एक टक्का रोज जातो, म्हणजे साधारण ७० दिवसांत साठा निम्मा. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ खाणं मिळालं तर वर्षभरात मूळच्या तीन टक्क्यांहूनही कमी उरेल. वेग निम्मा धरला तरी दोन वर्षांत काम फत्ते. पण जेम्सच्या माशांना दशकभर लागलं. या दोन आकड्यांतली दरी हेच या प्रकरणाचं सार आहे. मासा मंद नाही. घड्याळ दुसऱ्याच कुणाचं तरी आहे आणि मासा म्हणजे त्या घड्याळाचा काटा आहे.

ते घड्याळ गाळाचं. केपोन बारीक चिखलाच्या कणांना, विशेषतः त्यातल्या सेंद्रिय अंशाला चिकटतं. आणि खाडी बारीक चिखल सहजासहजी समुद्राला देत नाही. वरून गोडं पाणी समुद्राकडे वाहत असतं, तळाशी जड खारं पाणी उलट, वरच्या बाजूला सरकत असतं. तळाचा हा प्रवाह जिथे संपतो तिथे खाली बसलेले कण परत परत आणून सोडले जातात. प्रत्येक भरती-ओहोटीत ते ढवळतात, बसतात, पुन्हा ढवळतात. हा गढूळतेचा पट्टा. होपवेलपासून बरंच खाली, जिथे कारखान्याचा मागमूसही नाही, तिथल्या गाळात केपोन जमलेलं आढळलं ते याच कारणाने. आणि दुर्दैव असं की माशांची पिल्लं वाढतात तीही खाडीच्या अशाच निमखाऱ्या, खाद्याने भरलेल्या भागात.

गाळाचा वरचा थर हीच माशाच्या भक्ष्याची जमीन. चिखलातले किडे गाळच खातात. जवळ्यासारखे बारीक कवचधारी जीव तळालगतचे कण गोळा करतात. त्यांना क्रोकर आणि व्हाइट पर्च खातात, त्या लहान माशांना मोठा स्ट्राइप्ड बास. माझ्या वरच्या हिशोबात भक्ष्यातलं ०.२ मी आयतंच धरलं होतं. खऱ्या मॉडेलमध्ये ते आयतं मिळत नाही. किड्याची वेगळी वही लिहावी लागते, आणि तिच्या जमेच्या बाजूला गाळ असतो.

गाळ स्वच्छ कसा होतो? बहुतांशी होत नाही, झाकला जातो. समजा वरचा १० सेंटिमीटर थर ढवळता आहे आणि वर्षाला १ सेंटिमीटर नवा, स्वच्छ गाळ बसतो. दर वर्षी ढवळत्या थराचा दहावा हिस्सा खाली दबून कायमचा बाहेर जातो. या वेगाने वरच्या थरातलं विष निम्मं व्हायला सुमारे सात वर्षं लागतात. तेरा वर्षांत साधारण सत्तावीस टक्के उरतं. पुन्हा सांगतो, हे आकडे हिशोबापुरते. जेम्समध्येच काही ठिकाणी गाळ भराभर साचतो, काही ठिकाणी मुळीच नाही. पण दिवसांच्या हिशोबातून वर्षांच्या हिशोबात आपण कसे आलो ते दिसतं.

यात एक गंमत आहे, तिला गंमत म्हणावं का ठाऊक नाही. तो १० सेंटिमीटरचा थर ढवळतं कोण? लाटा आणि प्रवाह थोडंफार ढवळतात. बाकीचं काम किडे करतात. ते खाली बिळं करतात, खालचा गाळ वर आणून टाकतात. जो किडा माशाचं पोट भरतो तोच पुरलेलं विष पुन्हा वर काढत राहतो. किडे दोन सेंटिमीटरच ढवळत असते तर वरच्याच हिशोबात सात वर्षांऐवजी दीड वर्षाच्या आत काम झालं असतं. माशाच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त फरक पाडणारा आकडा किड्याच्या बिळाच्या खोलीचा निघावा, हे नव्या विद्यार्थ्यांना पटवायला मला दर वर्षी एक तास लागतो.

मॉडेल जुळलं म्हणजे बरोबर आलं असं नाही

सुरुवातीला मॉडेल जुळवताना एक सापळा असतो. मासा खाल्लेल्यातलं ७० टक्के केपोन घेतो आणि रोज एक टक्का टाकतो, असं धरलं तरी ०.३८ येतं. पाण्यातून आणि खाण्यातून घेणं दोन्ही निम्मं धरा, टाकणंही निम्मं धरा, तरी ०.३८ च. एका दिवशीच्या नमुन्यांवरून या दोन माशांत फरक करता येणार नाही. आलेख दोन्ही बाबतीत सुरेख जुळेल आणि सादरीकरणाला टाळ्याही पडतील. फरक कळतो तो काहीतरी बदलल्यावर: मासा स्वच्छ टाकीत ठेवला, ऋतू पालटला, किंवा विष येणं थांबलं. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सने प्रकरण उजेडात आल्यापासून वर्षानुवर्षं मासे आणि गाळ मोजत ठेवले. ती चिकाटी नसती तर या खाडीचं कोणतंही मॉडेल नुसती शोभेची वस्तू राहिलं असतं.

वयाचा मुद्दाही असाच फसवा. मोठा मासा म्हणजे जास्त विष, असा सगळ्यांचा ग्रह असतो, आणि एकाच जागी राहणाऱ्या माशाबाबत तो बऱ्याचदा खराही ठरतो. स्ट्राइप्ड बास मात्र वसंतात गोड्या पाण्यात अंडी घालायला येतो, त्याची पिल्लं पहिली काही वर्षं खाडीत काढतात, आणि मोठे झालेले, त्यातही माद्या, वर्षाचा बराचसा काळ समुद्रकिनाऱ्यालगत हिंडतात. तिथलं खाणं स्वच्छ. मग दहा किलोची मादी एखाद्या दोन वर्षांच्या पोरापेक्षा स्वच्छ निघू शकते. अख्ख्या जातीचा एकच सरासरी मासा धरून केलेलं मॉडेल इथे आपटतं. प्रत्येक वयाचा गट वेगळा, त्याचं खाडीतलं वास्तव्य वेगळं, त्याचा आहार वेगळा लिहावा लागतो. व्हाइट पर्च खाडी सोडून फारसा जात नाही, म्हणून खाडीची खरी खबर तोच देतो.

पाण्याच्या तापमानानेही वही हलते. उन्हाळ्यात मासा जास्त खातो, जास्त श्वास घेतो, जास्त टाकतोही. हिवाळ्यात सगळंच मंदावतं. फेब्रुवारीतला नमुना आणि ऑगस्टमधला नमुना एकाच रकान्यात टाकून सरासरी काढणारे लोक आहेत. एकदा माझ्याकडे एका प्रयोगशाळेकडून माशांच्या नमुन्यांची यादी आली. जात, तारीख, प्रमाण, सगळं व्यवस्थित. लांबी नाही, वजन नाही, नर की मादी ते नाही, पूर्ण मासा दळला की नुसता मांसाचा काप घेतला तेही नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, मासे मध्यम होते. यकृतात साठणाऱ्या रसायनासाठी पूर्ण मासा आणि काप यांत किती अंतर पडतं ते त्या 'मध्यम'मध्ये कुठे शोधायचं?

उपसायचं की सोडायचं

जेम्सबाबत खरा निर्णय हाच होता. गाळ उपसून काढायच्या खर्चाचे अंदाज अब्जावधी डॉलरांत गेले. पण पैसा हा अडचणीचा एक भाग झाला. उपसताना बारीक गाळ पाण्यात उसळतो, दबलेलं वर येतं, आणि काही काळ किड्यांची आणि माशांची जमा वाढते. उपसलेला गाळ ठेवायचा कुठे हा वेगळा प्रश्न. जहाजांच्या वाटेतला नेहमीचा गाळ काढणंसुद्धा केपोनमुळे कटकटीचं होऊन बसलं होतं. शेवटी नदीला तिच्या हाती सोडलं गेलं: नव्या गाळाने जुना झाकला जाऊ द्यायचा, मासे मोजत राहायचं, आणि तोवर बंदी.

माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण तो यशस्वी उपाय म्हणून मिरवला जातो ते मला खटकतं. उपाय नदीने केला, कारण जेम्समध्ये गाळ येत राहतो. त्याची किंमत मोजली मच्छीमारांनी, तेरा वर्षं. आणि विष नाहीसं झालं नाही, खाली गेलं. कित्येक दशकांनंतरही तिथल्या माशांत केपोन सापडत राहिलं, मर्यादेच्या खाली, पण सापडत राहिलं. १९७२ साली ॲग्नेस वादळाने याच नदीला महापूर आणला होता. तसा पूर तळ खरवडून जाईल का, आणि किती खोल, हे विचारणं माशाच्या मॉडेलचं कामच नाही. त्यासाठी प्रवाहाचं आणि गाळाचं मॉडेल त्याला जोडावं लागतं.

हा निर्णय उचलून दुसरीकडे नेता येत नाही याचा दाखला कॅरिबियनमध्ये आहे. ग्वाडेलूप आणि मार्टिनिक बेटांवर हाच रेणू, तिथे त्याला क्लोरडेकोन म्हणतात, केळीच्या बागांत १९९३ पर्यंत वापरला गेला. तिथे विष गाळात नाही, शेतजमिनीत आहे. प्रत्येक पावसाबरोबर ते थोडं थोडं झिरपतं, ओढ्यांतून किनाऱ्याच्या पाण्यात येतं, आणि काही जमिनींसाठी हे झिरपणं शतकांच्या हिशोबात चालेल असे अंदाज आहेत. माशाची वही तीच, कल्ले तेच, पोट तेच. पण नळ बंद झालेला नाही, आणि वरून येणारा गाळही स्वच्छ नाही, त्यामुळे झाकण्याचा हिशोबच लागू होत नाही. सहजी न विघटणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत क्लोरडेकोन २००९ साली आलं. यादीत नाव गेल्याने जमिनीतलं उतरत नाही.

जेम्सला उद्या मोठा पूर आला आणि मला एकच नमुना घ्यायला सांगितला, तर मी पाण्याची बाटली भरणार नाही. काही महिने थांबेन, उन्हाळा सरत येऊ देईन, आणि गढूळतेच्या पट्ट्यातून दोन-तीन वर्षांचे पंधरा-वीस व्हाइट पर्च मागेन. प्रत्येकाची लांबी, वजन, नर-मादी लिहिलेली, यकृत आणि मांस वेगवेगळं बांधलेलं. सोबत त्यांच्या पोटात जे सापडेल ते, वेगळ्या पिशवीत.